‘दलित स्त्री ३९ वर्षेच जगते’ हे खरे आहे का? आरोग्याचे आकडे, आपली माणसे आणि येणारी जनगणना

मागच्या भीमजयंतीला आमच्या मंडळाने विहाराच्या भिंतीवर एक फलक लावला होता. निळ्या कापडावर पांढरी अक्षरे : ‘भारतातील दलित स्त्री सरासरी ३९ वर्षेच जगते, सवर्ण स्त्री ५४ वर्षे.’ खाली बारीक अक्षरांत संयुक्त राष्ट्रांचे नाव. आकडा व्हॉट्सॲपवर आला होता. आम्ही दोन-तीन बातम्या उघडून पाहिल्या, तिथेही तोच होता, म्हणून निर्धास्त होतो.

संध्याकाळी वंदनेला आलेल्या एक आजी फलकासमोर थांबल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातीकडून वाचून घेतला. मग आमच्यातल्या एकाला म्हणाल्या, "पोरा, मी सत्तरी ओलांडली. माझी जाऊ, माझी नणंद, समोरची गंगूची आई, सगळ्या साठीच्या पुढच्या. मग ही एकोणचाळीसवाली बाई कोण रे?"

आम्ही हसलो. "आजी, ती सरासरी असते," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण फलक उतरवताना आमच्यातच वाद झाला. सरासरी म्हणजे नेमकी कशाची? आमच्यापैकी तिघे पदवीधर, एक जण बी.एस्सी.चा. एकालाही सांगता आले नाही. जो आकडा आपण वस्तीच्या तोंडावर टांगला त्याचा अर्थ आपल्यालाच माहीत नाही, हे आम्हाला लागले. त्यानंतर काही महिने आम्ही जे वाचले, विचारले, शिकलो, ते इथे मांडतो आहोत. (‘दलित’ हा शब्द आपल्यातील अनेकांना मान्य नाही, आम्हालाही तो रोजच्या बोलण्यात आवडत नाही. अहवालांतला शब्द म्हणून इथे ठेवला आहे.)

३९ चा अर्थ काय

संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालामुळे ही गोष्ट सगळीकडे पसरली : दलित स्त्री उच्च जातींतील स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे लवकर मरते. त्याच्यासोबत ३९.५ आणि ५४.१ असे दोन आकडे फिरतात. हे आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत. पण ते ‘आयुर्मान’ नव्हे. ते आहे ‘मृत्यूसमयीचे सरासरी वय’. दोन्ही शब्द ऐकायला सारखे वाटतात, आणि घोळ तिथेच होतो.

मृत्यूसमयीचे सरासरी वय काढायला सोपे आहे. पाहणीत जेवढ्या मृत्यूंची नोंद झाली त्यांची वये घ्या, बेरीज करा, भागा. पण या हिशेबात एक खोट आहे. ज्या समाजात मुले आणि तरुण जास्त, त्याच्या मृत्यूंतही लहान वयाचे मृत्यू जास्त दिसतात, मग धोका सारखाच का असेना.

कागद घेऊन हे करून पाहा. दोन वस्त्या धरा, प्रत्येकी हजार माणसांच्या. सोपे जावे म्हणून वये दोनच ठेवू : वीस आणि सत्तर. दोन्ही वस्त्यांत धोका अगदी सारखा : वर्षाला शंभर तरुणांत एक मृत्यू, शंभर वृद्धांत पाच. पहिल्या वस्तीत ८०० तरुण, २०० वृद्ध. म्हणजे विशीतले ८ मृत्यू, सत्तरीतले १०. सरासरी वय येते ४८ च्या आसपास. दुसऱ्या वस्तीत ६०० तरुण, ४०० वृद्ध. विशीतले ६, सत्तरीतले २०. सरासरी ५८. दहा वर्षांची दरी पडली, आणि प्रत्यक्षात कुठल्याही वयाच्या माणसाला जास्तीचा धोका नाही! फक्त एका वस्तीत पोरे जास्त आहेत.

अनुसूचित जातींची लोकसंख्या तुलनेने तरुण आहे, म्हणून १४.६ च्या आकड्यात हा परिणाम मिसळलेला आहे. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ‘एकोणचाळीसवाली बाई’ अशी कुणी नाही. तान्ह्या बाळाचा मृत्यू, बाळंतपणातला मृत्यू आणि ऐंशीव्या वर्षीचा मृत्यू यांची बेरीज करून भागल्यावर जे उरते ते ३९.

आयुर्मान काढण्याची रीत वेगळी आहे. त्यात प्रत्येक वयाला किती धोका आहे ते आधी पाहतात. एक वर्षाखालच्या हजार बाळांपैकी किती दगावतात, मग एक ते चार, मग पाच ते नऊ, असे वरपर्यंत. मग कल्पना करतात की आज जन्मलेले बाळ या सगळ्या धोक्यांतून पायरी पायरीने गेले तर सरासरी किती वर्षे जगेल. यात वस्तीत पोरे जास्त की म्हातारी जास्त, याने फरक पडत नाही. म्हणून दोन समाजांची तुलना करायची तर हाच आकडा हवा.

मग दरी खोटी आहे का

अजिबात नाही. फलकावरचा आकडा चुकीचा वापरला गेला, एवढ्याने विषमता मिटत नाही. उलट बरोबर हिशेब केल्यावर जे समोर येते ते आम्हाला जास्त गंभीर वाटले.

संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांची माहिती असलेल्या सरकारच्याच वार्षिक आरोग्य सर्वेक्षणावरून त्यांनी आयुर्मान काढले. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान ४ वर्षांहून अधिक कमी, दलितांचे ३ वर्षांहून अधिक कमी, मुस्लिमांचे सुमारे १ वर्ष कमी.

१४.६ वाचलेल्या माणसाला ३ हा आकडा फिका वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले, जरा निराशच झालो म्हणा ना. पण हे ३ एकट्यादुकट्या माणसाचे नाहीत. कोट्यवधी लोकांच्या समाजातल्या प्रत्येक जन्मामागे सरासरी तीन वर्षे गेली, असा त्याचा अर्थ. कुणाची काहीच जात नाहीत, कुणाची साठ जातात.

त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. घराची आर्थिक स्थिती सारखी धरून तुलना केली, तरी दरीचा अर्ध्याहून कमी भाग भरून निघतो. निम्म्याहून जास्त दरी तशीच राहते. "हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा कुठे राहिला आता?" हे वाक्य आपण कॉलेजात, ऑफिसात, नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा ऐकतो. त्याला उत्तर देताना आवाज चढवायची गरज नाही. हा एक निष्कर्ष पुरतो.

बाळांचे आकडेही तेच सांगतात. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा बालमृत्यूदर हजार जन्मांमागे ४१ होता. अनुसूचित जातींत ४५. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग वगळून जे ‘इतर’ उरतात त्यांच्यात ३२. हजारांमागे तेरा बाळांचा फरक. ही माहिती मिळते कशी? पाहणी करणारी ताई घरी येते आणि आईला विचारते : किती बाळे झाली, किती आहेत, गेलेले बाळ किती दिवसांचे होते. किसागोतमी घरोघर जाऊन विचारत होती त्याच जातीचा हा प्रश्न. पाहणीच्या अर्जात त्याला दोन-तीन रकाने असतात. आईला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तो रकाना नसतो.

या रकान्यांत आपण कुठे आहोत

वर सांगितलेल्या आयुर्मानाच्या अभ्यासातली नऊ राज्ये अशी : उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, आसाम, उत्तराखंड. महाराष्ट्र त्यात नाही. म्हणजे देशातले बहुतांश बौद्ध जिथे राहतात ते राज्यच त्या हिशेबाबाहेर. २०११ च्या जनगणनेनुसार देशात बौद्ध सुमारे ८४ लाख, त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात.

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाहावे? ती पाहणी आपल्या मुंबईतल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था करते, आणि तिच्या धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध/नवबौद्ध’ असा पर्याय आहे. छान वाटते. पण आत गेल्यावर अडचणी दिसू लागतात.

पहिली अडचण संख्येची. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत देशभरातल्या सुमारे ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. देशाच्या लोकसंख्येत बौद्ध ०.७ टक्के. त्याच प्रमाणात धरले तर आपल्या पाचेक हजार स्त्रिया. त्या महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत आणि इतर राज्यांत वाटून टाका. एका जिल्ह्यात किती उरतील, त्यातल्या कितींना गेल्या पाच वर्षांत मूल झाले असेल, आणि त्यातली किती मुले दगावली असतील? बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्या थोड्या घटनांवर दर काढला तर एका मृत्यूने तो खाली-वर उड्या मारतो. म्हणून ‘अमुक जिल्ह्यातील बौद्धांचा बालमृत्यूदर इतका’ असा आकडा कुणी फॉरवर्ड केला, तर आधी विचारा : किती जणांना विचारून काढला?

दुसरी अडचण सरमिसळीची. देशपातळीवर ‘बौद्ध’ म्हटले की त्यात विदर्भ-मराठवाड्यातले आपण आहोत, तसेच लडाख, सिक्कीम आणि अरुणाचलचे पिढीजात बौद्धही आहेत. त्यांचे हवामान वेगळे, जगणे वेगळे, सरकारी प्रवर्ग वेगळा. यांची सरासरी काढली तर ती ना लेहची राहते, ना लातूरची. उलट ‘अनुसूचित जाती’ हा रकाना घेतला तर महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत. त्यांच्यातही शिक्षण, शहरीकरण, व्यवसाय सारखे नाहीत. एका रकान्यात आपण जास्त पसरलेले, दुसऱ्यात मिसळून गेलेले.

तिसरी अडचण इतिहासातून आली आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असू शकत होता. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले ते थेट १९९० साली. म्हणजे दीक्षा घेतल्यापासून ३४ वर्षे, ज्याने कागदावर ‘बौद्ध’ लिहिले तो केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा उरत नव्हता. त्या काळात अनेक घरांनी मनात एक आणि कागदावर एक लिहिले. आपल्या आजोबांच्या दाखल्यावर काय आहे ते पाहा, कळेल. तेव्हा जुन्या आकड्यांवरून आपल्या समाजाच्या आरोग्याचा चढ-उतार काढू पाहणाऱ्याला आधी हा गुंता सोडवावा लागतो.

आपण मोजले गेलो नाही असे नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे त्या प्रश्नासाठी मोजले गेलो नाही.

शून्य कसे तयार होते

कधी कधी मोजणीत माणूस हरवतो तो व्याख्येमुळे. २८ जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी लेखी उत्तर दिले की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याच खात्याने लोकसभेत सांगितले होते की डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला.

दोन्ही उत्तरे कागदावर ‘बरोबर’ आहेत. २०१३ च्या कायद्याने ‘हाताने मैला साफ करणारा’ आणि ‘गटाराची धोकादायक सफाई करणारा’ असे दोन वेगळे प्रकार केले. गटारात गुदमरून मेलेला माणूस दुसऱ्या खान्यात जातो. मग पहिल्या खान्यात शून्य येते आणि मथळा त्या शून्याचा होतो. इथे कुणी आकडा खोटा सांगितलेला नाही, पण माणसाला खाना बदलून दिला. गटार सफाई करणाऱ्यांची सरकारने अलीकडे जी नोंदणी केली त्यात दोन तृतीयांशांच्या आसपास लोक अनुसूचित जातींचे निघाले, तेव्हा हा खाना बदलणे कुणाच्या वाट्याला येते ते वेगळे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. पण त्या पैशासाठीही आधी मृत्यू योग्य खान्यात नोंदलेला असावा लागतो. पंचनाम्यात ‘अपघाती मृत्यू’ एवढेच लिहिले गेले तर विधवेला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. अशा घटनेनंतर मोर्चाचे निवेदन नंतर लिहा, आधी पोलीस ठाण्यात काय शब्द लिहिले गेले ते वाचा.

आकडा आपल्यावरच उलटतो तेव्हा

काहींना वाटेल की जातवार आकडे आले की न्याय आपोआप येईल. तसे होत नाही. अमेरिकेतले उदाहरण बघण्यासारखे आहे.

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन नावाच्या, एका मोठ्या विमा कंपनीत काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीयांच्या मृत्युदरावर जाडजूड पुस्तक लिहिले. आकडे भरपूर होते. निष्कर्ष असा, की कृष्णवर्णीय जास्त मरतात कारण त्यांच्या वंशातच कमजोरी आहे. त्याच सुमारास डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे तरुण कृष्णवर्णीय अभ्यासक फिलाडेल्फिया शहराच्या एका वॉर्डात घरोघर फिरत होते. सुमारे अडीच हजार घरांत ते स्वतः गेले. खोल्या किती, संडास कुठे, भाडे किती, नोकरी का मिळत नाही, हे सगळे त्यांनी विचारले. १८९९ साली त्यांचे पुस्तक आले. मृत्युदर जास्त आहे हे त्यांनी नाकारले नाही, पण त्याचे कारण रक्तात नसून कोंदट खोल्यांत, घाण पाण्यात आणि बंद दारांत आहे हे दाखवले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले साठेक तक्ते मांडले. त्यांच्यासोबत आपल्या माणसांचे शेकडो फोटो होते : नीटनेटके कपडे घातलेली, ताठ बसलेली, कॅमेऱ्याकडे सरळ बघणारी माणसे. आजारी, केविलवाणी नव्हेत.

हेच ते डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ च्या जुलैमध्ये पत्र लिहिले होते, आणि ज्यांनी उत्तरही दिले होते.

आपल्याकडचा हॉफमन शोधायला लांब जावे लागत नाही. विदर्भात सिकलसेलचा विषय निघाला की "तो तुमच्या लोकांचा आजार ना?" असे सहज विचारले जाते. आजार जातीचा नसतो. सिकलसेलचा एक जनुक शरीरात असला तर मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकारापासून काही प्रमाणात बचाव होतो, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात तो जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत टिकला, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर टिकला, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही टिकला. लग्ने जातीतल्या जातीतच होत राहिली, म्हणून तो काही समाजांत साठून राहिला. विदर्भात आदिवासींबरोबरच आपल्या समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे, हे नागपुरातले डॉक्टर कित्येक दशके सांगत आले आहेत.

पण १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आदिवासी आरोग्याच्या चौकटीत मांडलेले आहे. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. आदिवासींना प्राधान्य मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. आपल्या वस्तीतल्या पोरांची तपासणी सरकारी दवाखान्यात होतेही. मात्र दिल्लीत या आजाराचे चित्र रंगवले जाते तेव्हा त्यात नागपूरच्या झोपडपट्टीतला बौद्ध मुलगा दिसत नाही.

बहिणीने फोटो नाकारला, मग काय झाले

आमच्या एका कार्यकर्त्याची धाकटी बहीण सिकलसेलची रुग्ण आहे. आम्ही वस्तीत या आजाराची माहिती गोळा करायचे ठरवले तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे केले. तिचा फोटो, तिची कहाणी, म्हणजे लोकांना भिडेल. तिने सरळ सांगितले, "दादा, फोटो लागला की उद्या स्थळ आलं तर तुम्ही सांगायला जाणार का? आणि मी रडकी नाहीये."

आम्ही ओशाळलो. मग ती स्वतःहून बोलत गेली. थंडीत, ताप आला की, पाणी कमी प्यायले की हाडे दुखायला लागतात. तो त्रास बाहेरून दिसत नाही, म्हणून वर्गात ‘नाटक करते’ असे ऐकावे लागते. हजेरी भरत नाही. रक्त चढवायला जायचे तर वडिलांचा रोज बुडतो, कारण दाता आणायला सांगतात आणि एकट्या मुलीला पाठवत नाहीत. घरी परत येईपर्यंत दोन दिवस गेलेले असतात. ‘रक्त कमी आहे’ म्हणून शाळेत सगळ्या मुलींना लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा तिलाही दिल्या. तिचे रक्त लोहाअभावी कमी होत नव्हते, लाल पेशी लवकर फुटत होत्या म्हणून होत होते, हे कुणी पाहिले नाही.

आम्ही आमचा छापलेला अर्ज पुढे ओढला. त्यात रकाने होते : नाव, वय, तपासणीचा निकाल. वाहक की रुग्ण. संपले. ती जे बोलली त्यातले एकही त्यात बसत नव्हते. तो अर्ज आम्ही रद्द केला. नव्या अर्जात विचारतो : गेल्या वर्षात शाळा किंवा काम किती दिवस बुडाले, दवाखान्यात सोबत कोण गेले, त्याचा रोज किती बुडाला, रक्त कुठून आणावे लागले, अपंगत्वाचा दाखला मिळाला का. (२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नव्हते.) आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, हेही अर्ज भरताना समजावून सांगतो, म्हणजे लग्नाआधी तपासणीचा विषय लाज न वाटता निघतो.

आम्ही आधी समजत होतो की आकडे गोळा करायचे आणि वरून एखादी कहाणी लावायची, आमटीला फोडणी द्यावी तशी. झाले उलटेच. काय मोजायचे हेच तिच्या बोलण्यातून कळले.

दोन गोष्टी मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. लिहून घेतलेले कागद नावासकट कुठल्याही ग्रुपवर टाकत नाही. आणि लहान वस्तीची संख्या जाहीर करत नाही, कारण ‘अमुक गल्लीत २ रुग्ण’ म्हटले की त्या गल्लीतल्या प्रत्येकाला नावे माहीत असतात. पाचांहून कमी असतील तर शेजारच्या दोन-तीन वस्त्या एकत्र करूनच सांगतो.

२०२७

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण जनगणना. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि देशाच्या बहुतेक भागांसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे.

आरोग्याशी याचा संबंध काय? कुठलाही दर म्हणजे भागाकार. वर मृत्यू किंवा रुग्ण, खाली लोकसंख्या. खालचा आकडाच चुकला तर वरचा कितीही प्रामाणिकपणे मोजला तरी उत्तर चुकते. पुढच्या पाहण्यांत कुठल्या भागातली किती घरे निवडायची, हेही जनगणनेच्या यादीवरून ठरते. २०२७ मध्ये आपण जे सांगू त्यावर पुढची दहा-पंधरा वर्षे आपल्या बाळांचा, बाळंतिणींचा हिशेब मांडला जाईल.

समाजात यावर जोरदार चर्चा चालू आहे. धर्म ‘बौद्ध’ सांगायचा यावर एकमत आहे. जातीच्या रकान्यावर नाही. काही ज्येष्ठ म्हणतात, जी जात बाबासाहेबांनी सोडायला लावली तिचे नाव पुन्हा तोंडाने का उच्चारायचे? आम्ही त्यांचे म्हणणे हलके घेत नाही. आमच्या घरांतही याच मुद्द्यावर जेवणे थंड झाली आहेत. तरी आमचे मत असे झाले आहे : धर्म बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर असलेली जात. कारण अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ हे जातीचे नाव नाही. तिथेही फक्त ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ सांगितले तर ती नोंद यादीशी जुळत नाही. मग आपण एका बाजूला अनुसूचित जातींच्या संख्येतून कमी होऊ आणि दुसऱ्या बाजूला लेह-लातूरच्या सरासरीत विरघळू. दोन्ही रकाने नीट भरले तरच असा आकडा काढता येईल, जो ‘महाराष्ट्रातला, अनुसूचित जातीतून आलेला बौद्ध’ याच माणसाबद्दल बोलेल. जात सांगणे आणि जात मानणे यांत आम्ही फरक करतो. ज्यांना तो फरक पटत नाही त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्यासोबत बसून अर्जाचा नमुना वाचावा, असे आम्हाला वाटते.

गणनेच्या दिवशी घरात कोण असेल याचाही विचार करा. बहुतेक वेळा दुपारी आजी किंवा सून घरात असते. उत्तरे तीच देणार. तेव्हा हे बोलणे विहारातल्या बैठकीत पुरुषांपुरते ठेवून चालणार नाही. आमच्याकडे महिला मंडळाच्या ताई घरोघर जाऊन हे समजावणार आहेत, आणि जाता जाता घरातल्या सगळ्यांचे दाखले एका पिशवीत ठेवायला सांगणार आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची नावे-पत्ते काढलेली मूळ माहिती अभ्यासकांना नोंदणी करून मिळते. आपल्यात संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य शिकणारी पोरे-पोरी आता कमी नाहीत. महाराष्ट्रातल्या बौद्ध स्त्रियांचे, बालकांचे आकडे वेगळे काढणे, राज्यपातळीवर ते कितपत भरवशाचे आहेत ते तपासणे, हे एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेण्यासारखे काम आहे. कुणी घेणार असेल तर आम्हाला नक्की कळवा, चहा आमच्याकडे.

यंदाचा फलक तयार आहे. त्यावर लिहिले आहे : ‘नऊ राज्यांच्या पाहणीत दलितांचे आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा ३ वर्षांहून अधिक कमी. निम्म्याहून जास्त फरक गरिबीने स्पष्ट होत नाही. महाराष्ट्राचा आकडा? आम्हाला अजून सापडलेला नाही.’ लावण्याआधी आम्ही तो आजींना वाचून दाखवला. त्यांनी शेवटची ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली आणि विचारले, "मग तो काढायला आमच्याकडं कधी येणार?"

पुढच्या रविवारी, सकाळी दहाला. अर्ज घेऊन पहिले त्यांच्याच घरी जायचे ठरले आहे.